जुना भाषांतरक नाताळच्या झाडावर

"यंत्राची भाषा यापुढे माणसाला यायची गरजच नाही!" थॉर्किलने सोमवारी कोपनहेगनच्या गणनसंस्थेत जाहीर केलं. तेही नाताळच्या बिस्किटांचा तोबरा भरून!

फुशारकी अगदीच पोकळ नव्हती. यंत्राला कळतात फक्त कागदी फितीवरची भोकं. माणसाने लिहिलेली वाक्यं भोकांत बदलणारा भाषांतरक त्याने हाताने, एकेक भोक मोजत, आठ महिन्यांत घडवला होता. मग माणसाच्याच वाक्यांत दुसरा, चपळ भाषांतरक लिहिला आणि त्याची भोकं जुन्याकडून पाडून घेतली. म्हातारा आता निवृत्त!

"मग ही जुनी फीत?" टंकलेखिका अग्नेतेबाईंनी विचारलं.

"न्या की! हस्तलिखितही शेगडीत टाकलंय मी."

नेली.

गुरुवार. तीन वाजता जहाजकारखान्याचे इंजिनिअर बघायला येणार. त्यांना नवा भाषांतरक पटला, तर थॉर्किलची नोकरी कायम. नाहीतर घरी.

दहा वाजता कळलं, नवा भाषांतरक वजाबाकी उलटी करतो. सातातून तीन गेले, उणे चार!

"हात्तिच्या! एका ओळीची तर चूक!"

ओळ सुधारली. पण सुधारलेली ओळ यंत्राला समजावणार कोण? नवाच! त्याने स्वतःचंच भाषांतर केलं, उलट्या वजाबाकीसकट. ती फीत घालताच यंत्राची दातखीळ बसली.

(मागे जा. 'ओळ सुधारली' पासून पुन्हा वाचा. थॉर्किलनेही हे तीनदा केलं.)

"जुना आणा!"

जुना दारातल्या नाताळच्या झाडावर लटकत होता. फितीच्या पट्ट्या विणून केलेल्या साठ चांदण्या, प्रत्येकीत चार पट्ट्या!

"बाई, कापलात त्याला?"

"मग? अख्ख्या भेंडोळ्याची चांदणी होते होय? जीव ओतून विणल्यात, हात हळू लावा!"

चांदण्या उसवल्या. थॉर्किल जमिनीवर पालथा पडून एकेक पट्टी उजेडात धरू लागला. "चाळीस, सात, शून्य! लिहा! आता उडी, बावन्नावर!" अग्नेतेबाई नव्या फितीत खडाखड भोकं पाडत होत्या.

"बाई, पुढची पट्टी?"

"ती चांदणी दरवानाच्या बायकोला दिली."

थॉर्किलने डोळे मिटले. आणि सगळी पट्टी तोंडपाठ म्हणून दाखवली!

डोळे उघडले तर समोर सहा चकचकीत बूट. तीन वाजले होते. इंजिनिअर तिघे. मागे संचालक, चेहरा चुन्यासारखा.

"हे यंत्राची भाषा असं तोंडाने बोलतात?" थोरल्या इंजिनिअरने हळूच विचारलं.

"अं... हो. कधीकधी," संचालक चाचरले.

"डोळे मिटून?"

"साहेब, दोनच मिनिटं," थॉर्किल खालूनच गयावया करू लागला, "भाषांतरक आत्ता सुरू होईल!"

"तो राहू द्या हो," इंजिनिअर म्हणाले. "आमचं यंत्र महिनाभर अडून बसलंय. आम्हाला हे गृहस्थच हवेत!"

अशी थॉर्किलला कायमची नोकरी लागली. जहाजकारखान्यात. भोकं मोजायची.