मॅच न बघणारे आबा

आमच्या जळोचीत क्रिकेटचं सर्वांत जास्त वेड कोणाला, असं विचारलंत तर मी किसनआबांचं नाव सांगेन. आणि गेल्या बारा वर्षांत क्रिकेटचा एकही चेंडू कोणी पाहिलेला नाही, असं विचारलंत तरी किसनआबांचंच नाव सांगेन.

दोन्ही विधानं तपासलेली आहेत. मी दूध संकलन केंद्रात फॅट मोजतो. न तपासता आकडा सांगायची मला सवय नाही.

आबा आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक शेवगा आहे, बाकी काही नाही. वय त्र्याहत्तर, मूळ गाव पळसदेव. एकतीस वर्षं ते कालव्यावर पाटकरी होते. म्हणजे कोणाच्या रानाला किती तास पाणी द्यायचं ते ठरल्याप्रमाणे देणारा आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणारा माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी इथं घर बांधलं. मुलगा बंगळूरला असतो, मुलगी इंदापूरला दिली आहे. पारूकाकू, म्हणजे आबांची बायको, तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून आबा एकटे राहतात आणि मॅच असली की आमच्याकडे येतात.

येतात म्हणजे पायरीपर्यंत. धुतलेला सदरा, टोपी, हातात पितळी तांब्या. पायरीवर बसतात ते टीव्हीकडे पाठ करून. आत या म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"नगं. म्या बघितलं की गळती लागती."

गळती म्हणजे विकेटा. आबांनी कालव्याची नोकरी सोडली, पण कालव्याची भाषा काही सुटली नाही. धावा भराभर निघाल्या की "फुल गेज हाय," म्हणजे पाणी मोजपट्टीच्या वरच्या खुणेला. ओव्हर निर्धाव गेली की "गेट कुणी टाकलं रं?" आणि शेवटच्या फलंदाज मैदानात उतरल्या की कालव्याच्या शेवटच्या टोकावरची रानं आठवून ते हात जोडून म्हणतात, "टेलला पाणी पोचाय पायजे गड्या. हेडवाले काय, पितच असत्यात."

'उतरल्या' असं मी मुद्दाम लिहिलं आहे. आबा मुलांच्या मॅचलाही बसतात, पण त्यांचा खरा जीव मुलींच्या संघावर.

"पोरांच्या म्याचला आख्खं गाव बसतंय," ते म्हणतात. "पोरींकडं कुणी बघाय नगं?"

"पण आबा, तुम्ही तरी कुठं बघता?"

"म्हणून तर जिंकत्यात!"

मुलींचा विश्वचषक आला तेव्हा आमच्या घरात आणखी एक व्यक्ती अशी होती, जिला टीव्ही बघायची बंदी होती. माझी नात जुई, वय वीस महिने. दोन वर्षांची होईपर्यंत तिला पडदा दाखवायचा नाही, असा डॉक्टरांचा सल्ला आणि माझी सून प्राजक्ता हिचा हुकूम. नियम मला पटला. नियमात आकडा असला की मला तो पटतोच.

मी तक्ता केला. घरात मोठी माणसं चार: मी, माझी बायको सुनंदा, मुलगा अमोल आणि प्राजक्ता. दोन्ही डाव मिळून ओव्हर चाळीस. प्रत्येकाने दहा ओव्हर जुईला अंगणात सांभाळायचं, म्हणजे प्रत्येकाला तीस ओव्हर मॅच मिळते. कोणावर अन्याय नाही. तक्ता भिंतीवर लावला. आबांनी पायरीवरूनच मागवून घेतला आणि चष्मा लावून वाचला.

"पाळीपत्रक झ्याक हाय, दिलीपराव. पण पाणी ऐकंल का?"

पाणी ऐकलं नाही. पहिल्याच मॅचला जुई तिसऱ्या ओव्हरमध्ये आत आली. सुनंदाने घाईने टीव्हीवर चादर टाकली आणि चादरीखालून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. आम्ही तिला बाहेर नेऊन आत येईपर्यंत दोन चौकार झाले होते. दुसऱ्या मॅचला अमोल तिला कडेवर घेऊन उलटा चालत होता, म्हणजे तिचं तोंड भिंतीकडे आणि त्याचं टीव्हीकडे. तो टीपॉयला अडखळला आणि वरणभात सोफ्यावर सांडला. तिसऱ्या मॅचला रिमोट सापडेना. तो चार तासांनी गव्हाच्या पिठाच्या डब्यात सापडला, चपात्यांच्या वेळी. उपांत्य सामन्यात दोनशे चाळीस चेंडूंपैकी मी एकोणतीस पाहिले. अमोल छत्तीस म्हणतो, पण तो रिप्ले धरून मोजतो.

तरी सांगतो, इतकं हसून आम्ही आयुष्यात कुठलीच मॅच पाहिली नव्हती.

अंगणात मात्र सगळं सुरळीत चाले. आबा जुईला 'साहेब' म्हणतात. कारण त्यांच्या मते ती अगदी त्यांच्या जुन्या साहेबांसारखी आहे. "न सांगता येत्यात, समदं उचकून बघत्यात आन् सही न करता जात्यात." दोघांनी शेवग्याखाली मातीत हातभर कालवा खोदला होता. तांब्यातून पाणी सोडायचं काम आबांचं. कौलाच्या तुकड्याचं गेट उघडायचा अधिकार साहेबांचा. साहेब गेट उघडायचे, मग त्यावरच बसायचे. ज्याची पाळी असेल त्याला बाहेर काही कामच नसे. तो दाराच्या फटीतून मॅच बघायचा.

याच विश्वचषकात आबांवर एक बालंट आलं. पायरीवरून ते ओरडले, "गेली!" आत टीव्हीवर गोलंदाज अजून चेंडू पॅन्टला पुसत होती. ती धावली, तिने चेंडू टाकला आणि आपली फलंदाज खरोखर गेली. दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं.

"आबा, तोंड आवरा हो!" सुनंदा आतून म्हणाली. "तुम्ही म्हणता आणि ती जाते!"

मी घड्याळ लावून पाहिलं. मागच्या घरात डिश आहे, आमचा टीव्ही इंटरनेटवर चालतो. त्यांचा गलका आमच्या चित्राच्या बावीस सेकंद आधी होतो आणि पायरीवर तो स्वच्छ ऐकू येतो. म्हणजे मॅच न बघणाऱ्या माणसाला बघणाऱ्यांच्या आधी कळत होतं. मी हे सुनंदाला समजावून सांगितलं.

"तुमचं घड्याळ ठेवा तुमच्यापाशी," ती म्हणाली. "त्यांच्या जिभेवर तीळ आहे."

तेव्हा मी ठरवलं, अंतिम सामन्याला आबांना आत आणून बसवायचं. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने असल्या खुळापायी आपल्या मुलींना विश्वचषक जिंकताना बघू नये, हे मला सहन होईना. पुरावा गोळा केला. पाणी प्यायला, फोन चार्जिंगला लावायला किंवा साहेबांना पोचवायला आबा अधूनमधून टोपी डोळ्यांवर ओढून आत येत. ते उंबऱ्याच्या आत असताना टाकलेले चेंडू मी वहीत लिहून ठेवू लागलो. सहा मॅचमध्ये त्रेचाळीस चेंडू भरले. त्यात विकेट एक. ते बाहेर असताना दर अठरा चेंडूंना एक. म्हणजे असलेच तर आबा शुभशकुनी होते.

अंतिम सामना परदेशात होता, आपल्याकडे दुपारीच सुरू झाला. पहिला डाव संपला. समोरच्या मुलींनी चांगल्या धावा केल्या होत्या. मी वही घेऊन पायरीवर आबांशेजारी बसलो. जुई गेटवर बसली होती.

आबांनी वही नीट वाचली. बेरीज बोटांवर करून पाहिली.

"आकडा बराबर हाय," ते म्हणाले. "आन् न सांगता बी मला ठावं हाय, दिलीपराव. एकतीस वर्सं म्या गेज लिवलंय. माझ्या बघण्यानं धरणातलं पाणी कमी झालं न्हाय. तर विकेट कशी जाईल?"

"मग चला की आत! अडलंय कुठं?"

आबा थोडा वेळ तांब्या हातात फिरवत राहिले.

"आमच्या पारूला किरकेटमधलं ओ का ठो कळत नव्हतं," ते म्हणाले. "एकदा म्या भायेर शेवग्याला आळं करत हुतो. आत म्याच चालू. म्हनलं, बघ गं काय झालं. तर भायेर येऊन सांगती कशी, 'ती उंच पोरगी निघाली घरला. लई नाराज हाय. आता आईला फोन करंल.' म्या हसाय लागलो. मग दर पाच मिन्टाला यायची. 'ती बारकी पोरगी पळाली, पण दुसरी पळंना. भांडान हाय वाटतं दोघींचं.' म्हनलं, ही म्याच टीव्हीवाल्यांपेक्षा ब्येस हाय. तवापासनं म्या आत जाईना झालो. गळतीचं निमित काढलं. तिला बी खरं वाटलं."

मी वही त्यांच्याकडून परत घेतली.

"संसारात म्या कालव्यावर, ती रानात. रातच्याला दोघं बी दमल्यालं. तिनं माझ्याशी एवढ्या गप्पा कवा मारल्याच न्हवत्या. त्या पायरीवर मारल्या." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "आता आत आलो तर समद्यांसंगट मला बी दिसंल. मग सांगायला भायेर कोण येईल?"

मी वही मिटली. आत गेलो, पेन घेतलं आणि भिंतीवरच्या तक्त्यात आणखी एक रकाना आखला: 'आबांना सांगणे'. दर ओव्हरला एकेकाची पाळी. सुनंदाला स्वयंपाकघरात नेऊन कारण सांगितलं. पहिली पाळी तिने घेतली.

माझी पाळी आली तेव्हा मी दारात उभा राहून सांगितलं, "चार ओव्हर, सव्वीस धावा, एक बाद. लागणारी सरासरी आठ पूर्णांक एक."

आबांनी मान हलवली. "ही बातमी न्हाय, दिलीपराव. हे गेज झालं. पाणी कसं वाहतंय ते सांगा."

अमोलने नक्कल करून दाखवली, त्याला शाबासकी. प्राजक्ताने सांगितलं की गोलंदाजाची वेणी सारखी सुटतेय आणि ती चिडलीय. आबा खूश. सुनंदाने तर मैदानात नसलेल्या गोष्टीही सांगितल्या असाव्यात. मी मात्र दर वेळी आकड्यांवर यायचो. बाराव्या ओव्हरनंतर मी मनात घोकत बाहेर गेलो आणि म्हणालो, "ती बारीक चणीची मुलगी आहे ना, तिने हेल्मेट काढलं. घाम पुसला. प्रेक्षकांत कोणालातरी शोधलं. सापडलं नाही वाटतं. पुन्हा हेल्मेट घातलं."

"हां!" आबांनी मांडीवर थाप मारली. "मग? पुढं?"

इतकी शाबासकी मला केंद्रातही कधी मिळाली नव्हती.

शेवटच्या ओव्हरला नऊ धावा हव्या होत्या. तक्त्याप्रमाणे जुईला सांभाळायची पाळी सुनंदाची होती. तिने साफ नकार दिला. प्राजक्ता उठू लागली, तेव्हा पायरीवरून आवाज आला, "साहेब माज्यापशी हायेत. बसा समदी. पण मागनं सांगाय या, काय?" सांगायची पाळी माझी होती. मी "येतो" म्हणालो आणि अमोलला मागची खिडकी लावायला लावली, म्हणजे मागच्यांचा गलका आधी कानावर यायला नको.

दोन धावा. एक. निर्धाव. एक. तीन. शेवटच्या चेंडूवर दोन हव्या. माझ्या हातातलं पेन कधी पडलं ते मला माहीत नाही. त्या बारीक चणीच्या मुलीने एक पाऊल पुढे टाकलं, बॅट फिरवली आणि चेंडू कुंपणाला जाऊन आपटला.

पुढचा काही वेळ मला क्रमाने सांगता येणार नाही. अमोल सोफ्यावर उभा होता. सुनंदाने मला सुनेदेखत मिठी मारली, जे तिने आमच्या लग्नानंतर तीस वर्षांत कधी केलं नव्हतं. प्राजक्ता रडत होती आणि रडता रडता नाचत होती. गलका ऐकून जुई आत आली होती. चादर टाकायचं कोणालाच सुचलं नाही. पण तिने टीव्हीकडे पाहिलंच नाही. ती खोलीच्या मधोमध उभी राहून आळीपाळीने आम्हा चौघांकडे बघत होती. अमोलने तिला उचललं, दोन गिरक्या दिल्या आणि खाली ठेवलं. सगळीकडे फटाके सुरू झाले.

मग मला माझी पाळी आठवली.

काय सांगायचं ते मी जाता जाता जुळवलं. आकडा एकही घ्यायचा नाही. पाऊल, बॅट, कुंपण आणि बाकीच्या मुली कशा धावत आल्या ते. आबांना मागच्या घरातल्या गलक्यावरून केव्हाच कळलं असणार, पण कळणं वेगळं आणि सांगणं वेगळं, एवढं मलाही आता समजलं होतं. मी दारापाशी पोचलो.

जुई माझ्या आधी पोचली होती. पायरीवर आबांच्या अगदी समोर उभी राहून, चिखलाचे हात वर करून, खाली आणून, घराकडे बोट दाखवून ती काहीतरी सांगत होती. एक शब्द कळेल तर शपथ. मध्येच तिने स्वतःभोवती एक गिरकी घेतली, धपकन बसली, उठली आणि पुन्हा सांगू लागली. आबा टोपी काढून, मान पुढे करून ऐकत होते.

"आसं?" ते म्हणत होते. "आजी बी नाचली? मग?"

मी घसा साफ केला. आबांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"थांबा, दिलीपराव," ते म्हणाले. "साहेब सांगत्यात."