नऊशे वर्षं पुरणारा खड्डा

जमिनीतून काढलेली वस्तू जमिनीत उरत नाही, हे शेळीलाही कळतं. पण ते टक्क्यांत सांगायला समिती लागते. झांबिया आणि कांगोच्या सीमेवर अशी एक थोर समिती होती. कुणाच्या तांब्याची झीज किती मोलाची, याची ती दरवर्षी तुलना करी. (खोदणारे तिसऱ्याच देशाचे. ते तुलनेपलीकडचे.)

झांबियाचा मोजणीदार न्सोफ्वा हा प्रामाणिक माणूस. हा आजार त्या खात्यात आणखी फक्त एकाला होता, आणि तो रजेवर होता. न्सोफ्वाची आई मुकुपा कालुंडूच्या खाणीच्या काठावर राहायची; तिला सगळे बामायो, म्हणजे आई, म्हणत. तिचं लग्न झालं तेव्हा खाण टेकडीपलीकडे होती. आता अंगणातून चूळ टाकली तर खाणीत पडे. नियम असा, की झीज देशाच्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांवर गेली की काठावरची घरं दुसरीकडे बांधून द्यायची. न्सोफ्वाचा आकडा आला अकरा.

"बामायो, यंदा घर हलतंय," तो म्हणाला.

"घर रोजच हलतंय," म्हातारी मक्याचं पीठ घोटत म्हणाली. "सुरुंग उडाला की भांडी नाचतात. आता मला हलव."

बैठकीला कांगोचा मोजणीदार कालासा आला. न्सोफ्वा शेळीच्या कुळातला, कालासा बिबट्याच्या. या दोन कुळांचं नातं सीमा आखली त्याच्याही आधीचं: भेटलं की टर उडवायची, आणि समोरच्याने रागवायचं नाही. मयताच्या घरीसुद्धा. एकाची कबरही दुसऱ्यानेच खणायची.

"काय रे बोकडा, अजून कुणी कापला नाही तुला?" कालासा दारातूनच ओरडला.

"तुझ्या घराण्यात दात कुणाला उरलेत?"

"तुमचं तांबं पुढच्या पावसात संपतंय. मग या आमच्या दारी पाला मागायला!"

"हट्! आमचं नऊशे वर्षं पुरेल! तुमच्या खाणीत नुसते उंदीर!"

झांबियाचे परदेशात शिकलेले सचिव टिपून घेत होते. त्यांना शेळी ताटातच भेटलेली. त्यांनी लिहिलं: 'उरलेलं आयुष्य: नऊशे वर्षं. आधार: अधिकाऱ्याची तोंडी माहिती.' सूत्र सोपं होतं: उरलेल्या तांब्याचं मोल भागिले उरलेली वर्षं. न्सोफ्वाने मोजलेल्या वीस वर्षांच्या जागी नऊशे घातले, अकरा टक्के झीज पाव टक्क्यावर आली. (खाणीत उतरावंही लागलं नाही.)

"साहेब, ती थट्टा होती!" न्सोफ्वा उठून उभा राहिला.

"कांगोच्या मोजणीदाराने हरकत घेतली?" सचिवांनी विचारलं.

"आमच्या नात्यात हरकत घेता येत नाही, साहेब."

"मग एकमताने मंजूर."

कांगोच्या सचिवांनी तिथल्या तिथे बाराशे वर्षं जाहीर केली. देशाभिमान म्हणतात तो हाच.

बामायोला पत्र गेलं: 'झीज नगण्य आहे. सबब खड्डा नगण्य आहे. सबब आपलं घर त्यात पडू शकत नाही.' गुरुवारी भर दुपारी ती नळावर गेली असताना स्वयंपाकघर खाणीत गेलं. चौकशी चोख झाली. अहवालात नोंद आली: 'खाणीत भर: भिंत एक, चूल एक, पातेलं एक (पिठासह).' झीज आणखी उतरली. सचिवांना बढती मिळाली.

कालासा फावडं खांद्यावर टाकून सीमा ओलांडून आला. काठावरून त्याने खाली बघितलं.

"बोकडा, तुझ्या घरचा खड्डा खणायचा मान माझा होता. या हलकटांनी तोही पळवला."

 

"बडबड पुरे, बिबट्या," बामायो म्हणाली. "उतर खाली. पातेलं काढ माझं."

पातेलं काढता आलं नाही. ते आता खाणीच्या साठ्यात धरलं होतं.

शेवटी कमी झीज कोणत्या देशाची ठरली, हे सांगायचं राहिलं. तुम्हीही तेच विचारणार होतात ना? म्हातारी आता रांधते कुठे, हे नाही. समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करा.