तुका वस्तादाच्या मानेवर

रोज पहाटे तुका वस्ताद माझ्या दाराची कडी वाजवायचा आणि म्हणायचा, "शेठ, चला, बसा माज्या मानंवर."

मी आष्ट्यात धान्याचं दुकान चालवणारा माणूस. कुस्तीशी माझा संबंध जत्रेत शेंगा खाण्यापुरता. पण देवानं मला पोट दिलं आणि शेजार दिला तो या वस्तादाचा. तालमीच्या तांबड्या मातीत तो पालथा पडायचा. मी त्याच्या मानेवर नीट बूड टेकून स्थिरावलो की हा गडी खालून मुसंडी मारून मला मातीत भिरकावायचा. वर म्हणायचा, "आवं, जरा जोर लावून बसा की!" बसण्यात जोर कसा लावायचा, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्याचा हेका एकच. "उभ्यानं समदीच खेळत्यात. खाली गेल्यावर काय करशील, ते सांग!" जोर-बैठका सोडून तो पोरांना पालथं पाडायचा आणि त्यांच्याकडून मान नि पोट घट्ट करून घ्यायचा. पोरं कंटाळून दुसऱ्या तालमीत गेली. तिथं निदान दंड तरी फुगायचे. मग वजनासाठी यानं माझ्या दुकानातली ज्वारीची पोती न्यायला सुरुवात केली. परत यायची तेव्हा त्यांना आखाड्यातल्या मातीचा आणि तिच्यात कालवलेल्या हळदीचा, आंबट ताकाचा वास. गिऱ्हाइकं भांडायची माझ्याशी.

माझ्या पुतण्याच्या लग्नात तर कहर झाला. नवरदेव पाया पडायला वाकला, तर यानं आशीर्वादाचा हात त्याच्या मानेवर ठेवला आणि दाबतच नेला. मुंडावळ्या धुळीत. "मान कच्ची हाय," वस्ताद व्याह्यांना म्हणाला, "खाली गेल्यावर काय करंल ह्यो?" व्याही दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटी मी भडकलो. "वस्ताद, या वयात कुणाशी कुस्ती धरायचीय तुम्हाला?"

"आमचा शिरपा पल्टनीतनं आला की त्याच्या खाली कोन पडंल?" तो म्हणाला. शिरपा त्याचा एकुलता एक. आईविना वाढवलेला, तालमीतच लहानाचा मोठा झालेला, आणि आता लढाईवर गेलेला.

शिरपा आला. एक पाय गुडघ्याखाली नव्हता. घरातून बाहेर पडेना, कुणाशी बोलेना, भाकरीसुद्धा ताटात तशीच राहायची. वस्ताद माझ्या दाराशी यायचा बंद झाला. मला बरं वाटायला हवं होतं, पण पहाटे जाग यायची आणि कडी वाजेना म्हणून झोप लागायची नाही.

एका पहाटे तालमीतून खोऱ्याचा आवाज आला, म्हणून मी गेलो. वस्तादानं सगळी माती खणून लोण्यासारखी मऊ केली होती. शिरपा कुबड्या घेऊन भिंतीशी उभा होता.

"आबा, आता कसली कुस्ती? उभं ऱ्हाता येत न्हाई मला."

"मी तुला उभ्यानं कवा शिकीवलंय?" वस्ताद पालथा पडला. "बस मानंवर. उठू दिऊ नगंस मला."

कुबड्या टाकून शिरपा कसाबसा बसला. पोराचं वजन माझ्या अर्ध्या पोत्याएवढंही राहिलं नव्हतं. वस्तादानं माती आवळली, मान फुगवली, मोठमोठ्यानं धापा टाकल्या. पण उठला नाही.

"लय जड झालास रं गड्या," तो म्हणाला.

शिरपानं कोपर रोवलं आणि खरोखरच जोर लावला.

"उठू का आता?"

"न्हाई," शिरपा म्हणाला. "मी सांगंस्तवर न्हाई."

मी आत न जाता दाराशीच थांबलो. मला रोज भिरकावणारा तो माणूस उजाडेपर्यंत पोराखाली पडून होता.