विमानातून उतरविलेल्या दिवाणांची हकीकत

श्री पवनदेवतेचे स्मरण करोन हकीकत लिहिली, ती ऐसी. शके अठराशे बेचाळीस, रौद्रनाम संवत्सरी, दक्षिण अमेरिका खंडी एक थोर राज्य होते, आणि बंदराहून राजधानीस जावयास एक गढूळ नदी तेवढी वाट. नावेने जाता दिवसांवर दिवस लोटत. मग लिसांद्रोराव कप्तान म्हणोन मोठा जिद्दीचा पुरुष, त्याणें पाण्यावर उतरणारे विमान आणिले आणि त्या मुलखात कोणी न मांडलेली विमानकंपनी मांडिली. परंतु टपाल नेण्याची सरकारी सनद पक्की नव्हती, आणि टपाल गेले म्हणजे कंपनी बुडाली, हे कप्तान जाणोन होता. मग परीक्षा पाहावयास खुद्द दिवाण फाउस्तीनोसाहेब बंदरी दाखल जाहले.

कंपनीचा शिरस्ता ऐसा की सामानाबरोबर उतारूही काट्यावर चढवावा. दिवाणांस वाटले, हा आपला सन्मानच मांडिला आहे. म्हणोन वजन भारी भरावे या हेतूने त्यांणी न्याहारी दुप्पट केली, आणि सारी पदके, तलवार, गुडघ्यापर्यंतचे बूट व हिवाळी झगा चढवोन भर उन्हात काट्यावर विराजमान जाहले. कप्तानाने काट्याचा आकडा वाचिला आणि ओझे फार जाहले हे जाणिले. तरी आदब राखोन त्याणें विमान हाकारले. ते नदीवर या वळणापासोन त्या वळणापर्यंत धावले, आणि पाणी काही सोडीना. मग झगा उतरविला, तलवार उतरविली, बूट उतरविले, तरी सोडीना.

दिवाण म्हणाले, "टपालाच्या थैल्या काढा. उद्या जातील."

कप्तान म्हणाला, "साहेब, आज पोचवितो ऐसा लोकांस शब्द दिला आहे. आपण उतरावे."

"सनद कोणाच्या हाती, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणोनच हात जोडोन सांगतो."

मग दिवाण अनवाणी धक्क्यावर उभे राहिले आणि विमान उडाले. सनद हातची गेली ऐसे धरोनच कप्तान चालला. तरी टपाल त्याच दिवशी राजधानीत घरोघर पोचले. दिवाण नावेने निघाले. वाटेत नाव गाळात रुतली, डासांनी फोडोन काढिले, आणि घाटावर उतरले तेव्हा मुखकमल सुजोन ओळखू येईना. कप्तान मान खाली घालोन सामोरा गेला. दिवाणांनी आधी पाणी मागितले, मग शिक्का मागितला, आणि घाटावरच सनद पक्की केली. म्हणाले, "मजसाठी ज्याणें थैली टाकिली नाही, तो कोणासाठीही टाकणार नाही. परतीस मात्र आम्हांस विमानातून न्या. उपाशी येतो."

ऐसी विमानकंपनी त्या राज्यी कायम जाहली, पुढे डोंगरापलीकडेही गेली, आणि तेथील लोक आजही छाती फुगवोन सांगतात की आमच्या कप्तानाने दिवाण उतरविला, पत्रे नाही उतरविली. हकीकत इतकीच.