नानांचा इच्चू

आमच्या कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून नाना लोकांच्या पायांत विंचू सोडायचे. खरा नव्हे, तोंडाचा.

त्या दुष्काळात ज्यांना खडी फोडायला जाणं जमत नाही, अशा अपंगांना जळगावच्या मामलेदार कचेरीतून फुकट ज्वारी मिळायची. मग काय विचारता, तालुक्यात लंगड्यांचं पीक आलं! नशिराबादच्या एका पैलवानाचा तर या खेपेला उजवा पाय दुखायचा, पुढच्या खेपेला डावा. मी तिथला कारकून. खरा कोण, खोटा कोण, मला काय कप्पाळ कळणार? कण्हायचे सगळे सारखेच.

नानांना कळायचं. मूळचे धुळ्याकडचे, गिरणीतून घरी बसलेले, एकटे. नेमणूक नाही, पगार नाही, पण रुबाब मामलेदाराचा. रांग न्याहाळायची आणि एकदम ओरडायचं, "अरे, तुना पायखाले इच्चू शे!" पैलवान असा उडाला की कुबडी इकडे, टोपी तिकडे आणि स्वतः रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीत. नाना शांतपणे मला म्हणाले, "लिखा भाऊसाहेब. बरा व्हई गया."

पैलवानाचं नाव कटलं. जागा ठरलेल्या, एक नाव कटल्याशिवाय दुसरं चढत नसे. या जागेसाठी असोद्याची रखमाअक्का किती दिवस खेटे घालत होती. तिचे दोन्ही पाय लुळे, भाऊ पाठीवर घेऊन यायचा. धीर धर, तुझ्यासाठी जागा करतो, असं नाना तिला दर खेपेला सांगायचे.

नानांची एक तऱ्हा होती. आम्ही येण्याआधी ते लिंबाखाली बसलेले, आम्ही निघालो तरी बसलेलेच. चला, बरोबर जाऊ म्हटलं की ठरलेलं उत्तर, "तुम्ही चाला पुढे, मी येस." मला आपलं वाटायचं, म्हातारा भारी शिष्ट.

पैलवान उडाला त्याच दुपारी खरा विंचू निघाला आणि धोतर सरकून उघड्या पडलेल्या नानांच्या पोटरीवर चढला. अख्खी रांग ओरडली. नाना हसत बसले. त्यांना वाटलं, आपलीच नक्कल चाललीय. अक्काच्या भावानं चपलेनं तो उडवला, तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. पाय वाळून काडी झालेला. गिरणीतल्या अपघातानंतर त्यात जीवच उरला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

मी यादी उघडली. म्हटलं, नाना, जागा मोकळी आहे, तुमचंच नाव लिहितो. अक्कानं मान खाली घातली.

नाना भडकले. "मी लंगडा नही शे. मी बठेल शे. मनं नाव नही, अक्कानं नाव लिखा."

लिहिलं.

संध्याकाळी कचेरी बंद करून लिंबाखाली आलो. "तुम्ही चाला पुढे, मी येस." मी गेलो नाही, शेजारी टेकलो. बराच वेळ दोघांतलं कुणीच उठेना. शेवटी नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "कोनी देखत नही ना?"

टपरीवाला टक लावून बघत होता. मी म्हटलं, "कुणी नाही."

आणि नाना उठले.