व्यसनियांचे उपचारगृह बाजारपेठेत वसविल्याची हकीकत

श्रीगणराज व ग्रामदेवता यांचे स्मरण करोन, जाहले वर्तमान यथास्थित लिहिले असे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत नाम संवत्सरे, आश्विन मासी, यंत्रमागांचे एके नगरी दारूने व गर्दाने थैमान मांडिले, आणि नगरसभेने ठराव केला की व्यसनियांचे उपचाराचे काम योग्य संस्थेस सोपवावे, आणि निवड सुचविण्याचा अखत्यार आरोग्यखात्याच्या कारभारीण इंदुमतीबाई कारखानीस यांस दिल्हा. दोन संस्थांनी अर्ज गुजारिले. एकीचे घर नगराबाहेर माळावरी, उंच भिंत, दारास कुलूप, तीन महिने आत कोंडावे ऐसी रीत. दुसरी डॉक्टर फिरदोसबाईंची, लहानशी, परंतु दार मोकळे. सभापती रावसाहेबांचा कल माळाकडे. मग इंदुमतीबाईंनी विचार केला की, ज्यांचे दुखणे त्यांस कोणी पुसिलेच नाही. म्हणोन स्वतः मागवाल्यांचे आळीत गेल्या आणि सिद्राम कोष्टी यांस भेटल्या. सिद्राम पंधरा वर्षे पिणारे, आणि त्यांचे धाकटे बंधू मल्लू त्याच माळावरील घरात वारले होते. सिद्राम बोलिले, "बाईसाहेब, त्याची दारू एका दिवसात तोडली. अंगाला कंप सुटला, झटके आले. डॉक्टर तिथं नव्हताच. तिसऱ्या दिवशी गेला. मलाही सोडायचीय, पण तिथं जाणार नाही. दवाखाना म्हणाल तर पाचला बंद, आणि माझा माग सहाला सुटतो. तेव्हा गुत्ताच तेवढा उघडा असतो."

माळावरील घराचे परवान्यावर सही बाईंचीच होती. मग सभेत उभ्या राहोन त्यांनी ते सांगितले, काही लपविले नाही, आणि शर्ती वाचिल्या: डॉक्टर अष्टौप्रहर हजर असावा, दार संध्याकाळी उघडे असावे, फिरोन प्यालेल्यास परत घ्यावे, आणि घर बाजारपेठेत असावे. रावसाहेब म्हणाले, "भर पेठेत दारूड्यांचा राबता? व्यापारी काय म्हणतील?" बाई म्हणाल्या, "रावसाहेब, राबता आजही आहे, फक्त तो गुत्त्याकडं आहे. माळावर त्यांचे पाय वळत नाहीत. घर त्यांच्या वाटेवरच हवं." मग हात एकामागोन एक वर आले, आणि काम फिरदोसबाईंस मिळाले.

मार्गशीर्षी घर उघडले. सिद्राम तीन दिवस समोरील पानाचे ठेल्यापाशी उभे राहोन माघारे गेले, चौथे दिवशी आत शिरले, आणि औषधाने कंप आवरोन दारू हळूहळू सुटली. फाल्गुनात पुन्हा घसरले, पाच दिवस तोंड लपविले, मग आले. फिरदोसबाईंनी इतकेच विचारिले, "चहा घेणार?" आणि सिद्राम बाकावर बसोन रडले, आणि चहा घेतला, आणि राहिले.

तात्पर्य, कारभारीण आपली चूक बोलोन ठाम उभ्या राहिल्या, म्हणोन काम तडीस गेले. वर्षभरात घर अपुरे पडो लागले, आणि शेजारील गाळा मागितला तेव्हा व्यापारियांनी तो खुशीने मोकळा करोन दिल्हा.