माळावरच्या गवताचा जाहीर सत्कार

आमच्या माळावरच्या गवताने यंदा कापून घ्यायला नकार दिला आणि आषाढातल्या ग्रामसभेत तसं स्पष्ट सांगितलं. गवताला बसता येत नाही, म्हणून सरपंचांनी त्याला उभ्याने बोलायची परवानगी दिली.

माझी गवताची वखार आहे. माळावरचं गवत वाळवायचं, दाबून गठ्ठे बांधायचे आणि शहरातल्या तबेल्यांना पाठवायचे, हा माझा धंदा. शेजारच्या गाळ्यात खताचं दुकानही आहे. दोन्हीकडचं कळणारा माणूस म्हणून मला पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं.

गवत म्हणालं, "दरवर्षी तुम्ही मला बांधून गाडीत घालता. माझ्याबरोबर माळाचा कस जातो. माघारी काय येतं? रिकामी गाडी."

"मागणी काय ती बोला," सरपंच दामोदर भोईर म्हणाले.

"कुजलेलं शेणखत. माती तपासून जे कमी निघेल ते. युरिया थोडा, तोही कापणी झाल्यावर, जमिनीत ओल असताना. आणि पोटॅश विसरू नका."

"युरिया भरपूर टाकू की," मी म्हणालो. "आठवड्यात हिरवंगार दिसशील."

"शेट, दिसून काय करू? मला उभं राहायचं असतं. युरिया जास्त झाला की मी लोळतं, आणि गुरांना बाधतं ते वेगळंच."

मला त्याचं बोलणं आवडलं. धंद्यात इतकं रोखठोक गिऱ्हाईक क्वचित भेटतं.

मागून अनुबाय उठली. तिची चांदरी म्हैस गाभण होती, दिवाळीनंतर विणार होती, आणि गोठ्यातलं गेल्या वर्षीचं गवत तळाला लागलं होतं. "अवो, शेण मागतंय ते, सोनं नाय मागत! ज्याच्या त्याच्या दारात उकिरडा भरलाय. उद्या टाका नि मोकळे व्हा."

"अनुबाय, घाई नको," सरपंच म्हणाले. "गावाची एक पद्धत आहे."

पद्धत अशी, की आमच्या गावात कुणी काही मागितलं की आम्ही त्याचा सत्कार करतो. वायरमनने पावसाळी बूट मागितले होते. त्याला शाल-श्रीफळ दिलं. तो अजून अनवाणीच खांबावर चढतो, पण शाल पांघरून. नर्सबाईंनी दवाखान्याला दार मागितलं. त्यांना मानपत्र दिलं, ते त्यांनी चौकटीत अडकवलंय. मानपत्र मोठं आहे, निम्मा वारा अडतो.

तेव्हा गवताचाही सत्कार ठरला. पावसाने उघडीप दिली तसा माळावरच मांडव घातला, खांबांसाठी खड्डे खणले, गवतावर सतरंज्या अंथरल्या. सत्कारमूर्तीचा एक कोपरा सतरंजीबाहेर डोकावत होता, त्याला शाल घातली. शाली मीच पुरवल्या. खताच्या गोणीपेक्षा त्यांना जागा कमी लागते. 'गवत हे गावाचं भूषण' या विषयावर सरपंच एवढं बोलले, की सतरंजीखालचं भूषण पिवळं पडलं.

गवत सौजन्याने म्हणालं, "आभारी आहे. जे मिळालं ते घेतलं. आता त्यातून जे होईल ते निघेल."

आम्ही टाळ्या वाजवल्या. उरलेल्या शाली आणि नारळ तिथेच राहिले, पुढच्या सरीत मातीत मुरले.

भाद्रपदात गवताने कापायला हरकत घेतली नाही. माळभर शाली आल्या होत्या. गवताला जे घालावं त्याचंच ते अंग धरतं, यात नवल काही नाही. बायकांनी शालींचे भारे बांधून आणले. मधूनमधून नारळ होते आणि बांधाच्या कडेला थोडी सन्मानचिन्हं, पण ती कोवळी होती.

अनुबायने चांदरीपुढे एक शाल टाकली. चांदरीने हुंगली आणि मान फिरवली. अनुबाय तडक माझ्या दुकानात.

"शेट, म्हैस शाल खात नाय."

"अंगावर घाल मग."

"गाभण हाय ती, पुढारी नाय. पोटॅश काढा."

गावाचं मात्र चांगलं चाललं. मी शाली दाबून गठ्ठे बांधले. आजूबाजूच्या ग्रामपंचायतींनी माल हातोहात उचलला. माळावर यापुढे कसलंही खत टाकू नये, असा ठराव एकमताने झाला. एकटी अनुबाय माळाच्या कडेच्या सागाखालच्या तुकड्यावर पाटी-पाटी शेणखत नेऊन टाकत राहिली, वरून माझ्याकडचं चिमूटभर पोटॅश. चांदरीला तिने मागून आणलेल्या भाताच्या पेंढ्यावर तगवलं.

दिवाळीला त्या तुकड्यावर कमरेएवढं गवत उभं होतं. पेंढा संपला होता.

सरपंच दुकानात आले. "गावात गवत उगवतं आणि आम्हाला पत्ता नाही? अनुबायचा सत्कार झालाच पाहिजे. मांडव तिथेच घालू, उद्याच."

मी शालींची ऑर्डर घेतली आणि घरी जाताना अनुबायच्या दारात थांबलो. बेत ऐकताच तिने विळा उचलला आणि ती तुकड्यावर गेली.

"आले का?" गवताने तिला विचारलं.

"उद्या येतात. खांब घेऊन."

"मग आजच काप. माझी काही हरकत नाही."

संध्याकाळपर्यंत तुकडा साफ झाला आणि गवत तिच्या अंगणात वाळत पडलं. चांदरीने कडेचं ओढून खायला सुरुवातही केली होती.

दुसऱ्या दिवशी कापून उरलेल्या धसांवर मांडव पडला. सरपंच बोलायला उभे राहिले. अनुबाय डोक्यावर शेणखताची पाटी घेऊन आली. कापणीनंतरचं खत द्यायचं होतं. "सरपंच, पाय उचला जरा," ती म्हणाली, आणि व्यासपीठाभोवती खत पसरू लागली. सरपंचांनी पाय उचलला, भाषण थांबवलं नाही. कार्यक्रम लांबला, त्यामुळे पाहुण्यांच्या पायांखाली खत चांगलं दबलं.

शेवटी तिला शाल घातली. ती तिने लगेच काढली, घडी केली आणि सागाच्या उंच फांदीवर ठेवली, गवताच्या तोंडी लागू नये म्हणून.